शाळेंतील तंटा आणि त्याचा निवाडा

गिरणींत संप झाला म्हणजे माग थांबतात, आणि तंटा मिटला म्हणजे ते पुन्हां चालूं लागतात. शाळेची गोष्ट तशी नाहीं. शिक्षक आणि संस्थाचालक यांच्यांत बेबनाव झाला म्हणून घंटा वाजावयाची राहत नाहीं. वर्ग भरतात, हजेरी होते, परंतु शिकविणाऱ्याचें मन वर्गांत नसतें. ह्या भांडणाची किंमत वादी-प्रतिवादींपेक्षां तिसऱ्यालाच अधिक द्यावी लागते. विद्यार्थ्याचें वायां गेलेलें वर्ष कोणताहि निवाडा त्याला परत देऊं शकत नाहीं. म्हणून शाळेंतील तंट्याचा निकाल न्याय्य तर हवाच, पण तो लवकरहि लागला पाहिजे.

अशा तंट्यांचा उगम बहुधा किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींत असतो. सेवाज्येष्ठतेच्या यादींत कोणाचें नांव वर आहे, मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाल्यावर तिच्यावर हक्क कोणाचा, गोपनीय अहवालांत कोणता शेरा पडला, शिपायाला शाळेच्या वेळेनंतर किती वेळ थांबवून घेतलें, असे हे प्रश्न असतात. त्यांतील एकेक प्रश्न अर्ध्या तासाच्या बैठकींत सुटण्याजोगा असतो. परंतु अर्जाला उत्तर मिळत नाहीं, आणि मग मूळ तक्रारीपेक्षां उपेक्षेचें शल्यच अधिक बोचूं लागतें.

ध्येयवादी माणसें एकत्र आलीं म्हणजे असे प्रसंग यावयाचे नाहींत, असें कोणास वाटेल. पण इतिहासाची साक्ष तशी नाहीं. १८८४ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटींत शिकविणारे आजीव सदस्य हेच कारभारीहि होते. मालक म्हणून कोणी निराळा नव्हता. तरीहि सदस्यांनीं संस्थेबाहेरचें काम करून मिळकत करावी कीं नाहीं, यावरून तीव्र मतभेद झाले, आणि १८९० सालीं टिळकांनीं संस्थेचा राजीनामा दिला. दोन्ही पक्षांतील माणसें स्वार्थत्यागी होतीं. मोडलें तें तत्त्वाच्या अर्थावरून. नुसता सद्भाव तंटा टाळण्यास पुरत नाहीं, हें यावरून दिसून येतें.

पुढें खाजगी शाळा वाढल्या आणि चालविणारे व शिकविणारे हे दोन वर्ग निराळे झाले. कारखान्यांतील तंट्यांसाठीं १९४७ सालीं औद्योगिक कलहाचा कायदा झाला. परंतु शिक्षक त्या कायद्याच्या अर्थानें 'कामगार' नव्हे, असा निर्णय गोव्यांतील एका शिक्षिकेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं दिला. शिक्षकांना त्यांचा हक्क मिळवून देणारी योग्य यंत्रणा मात्र असली पाहिजे, असेंहि न्यायालयानें त्याच निकालांत म्हटलें. महाराष्ट्रांत तशी यंत्रणा त्यापूर्वींच उभी राहिली होती. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या शर्ती ठरविणारा कायदा १९७७ चा, आणि त्याची नियमावली १९८१ ची.

ह्या कायद्यांतील एक कलम राजीनाम्याविषयीं आहे. राजीनामा देणाऱ्यानें त्याच्या दोन प्रती कराव्या, दोहोंवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणी टपालानें संस्थेकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःपाशीं ठेवावी. कचेरींत समोर बसवून सही करून घेतलेला कागद राजीनामा म्हणून पुढें करतां येऊं नये, यासाठीं ही सावधगिरी आहे, हें उघड आहे.

चौकशीची रीतहि अशीच विचारपूर्वक ठरविली आहे. गंभीर आरोप असेल तर तो लेखी द्यावा लागतो, आणि चौकशी तिघांची समिति करते. तींत एक सदस्य व्यवस्थापक मंडळाचा. दुसरा आरोप असलेल्या कर्मचाऱ्यानें कोणत्याहि खाजगी शाळेच्या कर्मचाऱ्यांतून निवडलेला. आणि तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादींतून घेतलेला. हें काम सामान्यतः १२० दिवसांत पुरें व्हावें, असा नियम आहे. बडतर्फी, सेवासमाप्ति, पदावनति किंवा बढतींत डावलणें यांविरुद्ध ३० दिवसांच्या आंत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतां येतें, आणि अपिलाचा निकाल तीन महिन्यांत लावण्याचा यत्न व्हावा, असें कायदा सांगतो. प्रत्यक्षांत मात्र ह्या मुदती पुष्कळदां पाळल्या जात नाहींत, आणि उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली तर वर्षें लोटतात. नोकरी परत मिळाली तरी मध्यंतरीं शिक्षकांच्या खोलींत पडलेले तट नाहींसे होत नाहींत.

म्हणून कायद्यानें शेवटच्या पायरीसाठीं सांगितलेली रीत शहाण्या संस्थेनें पहिल्या पायरीवरच अवलंबावी. ज्येष्ठतेची यादी दरवर्षीं सर्वांना दाखवावी व हरकती लेखी मागवाव्या. तक्रार आली म्हणजे तिची तारखेनिशीं पोंच द्यावी आणि ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर द्यावें. उत्तर नकाराचें असलें तर कारणहि सांगावें. तरीहि समाधान न झालें तर दोन्ही पक्षांना मान्य असा, शाळेबाहेरचा एखादा अनुभवी शिक्षक बोलवावा. कर्मचाऱ्यांच्या संघटनेनेंहि प्रत्येक तक्रार हक्काची आहे कीं केवळ रागाची, हें आधीं पारखून घ्यावें; न टिकणाऱ्या तक्रारी पुढें केल्यानें टिकणाऱ्या तक्रारींचें वजन जातें.

यांत सर्वांत अवघड जागा मुख्याध्यापकाची. मंडळाचा हुकूम तो बजावतो, पण कायद्याच्या दृष्टीनें तो स्वतःहि कर्मचारीच असतो. त्यानें दोन्हीकडे एकच हकीकत सांगितली, तर पुष्कळ भांडणें त्याच्या टेबलापाशींच संपतात. तीं तेथें संपलीं, तर वर्गांत बसलेल्या मुलांना त्यांची वार्ताहि लागत नाहीं. आणि शाळेच्या कारभाराची खरी परीक्षा हीच आहे.