कॅनडात स्थायिक होण्यासाठी अर्ज करताना

परिचारिका, लेखापाल, संगणक अभियंते, वेल्डर अशा नाना व्यवसायांतील भाविक स्नानसंस्काराचा वा विवाहाचा दाखला मागण्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात. कशासाठी असे विचारले, की 'कॅनडाची फाईल लावली आहे' हे उत्तर बरेचदा ऐकू येते. कित्येकांनी एजंटाला मोठी रक्कम देऊन टाकलेली असते. मात्र आपला अर्ज कोणत्या योजनेखाली आहे, तो खरोखर दाखल झाला आहे काय, हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून ही पद्धत येथे थोडी उलगडून सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते.

कॅनडाने १९६७ साली गुणांची पद्धत स्वीकारली. उमेदवाराचा वंश वा देश न पाहता शिक्षण, भाषा, वय व अनुभव यांवर निवड व्हावी, हा तिचा हेतू. जानेवारी २०१५ पासून ही निवड 'एक्सप्रेस एन्ट्री' या संगणकीय व्यवस्थेतून होते. भारतातून जाऊ इच्छिणाऱ्या कुशल कामगारासमोर दोन चाळण्या असतात. पहिलीत १०० पैकी किमान ६७ गुण हवेत. त्यांपैकी २८ भाषेचे, २५ शिक्षणाचे, १५ अनुभवाचे. शिवाय मागील दहा वर्षांत कुशल कामाचा किमान एक वर्षाचा सलग, पगारी अनुभव लागतो. यातून पार पडलेल्यांची दुसरी चाळणी म्हणजे १२०० गुणांची क्रमवारी. तीत नाव नोंदविण्यास शुल्क नाही आणि ती नोंद वर्षभर टिकते. अधूनमधून वरच्या क्रमांकाच्या उमेदवारांना निमंत्रण मिळते व त्यानंतर ६० दिवसांत खरा अर्ज, कागदपत्रांसह, दाखल करावयाचा असतो. निमंत्रणापूर्वी 'फाईल लागली' असे एजंट म्हणत असेल, तर फार तर नाव नोंदविले गेले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गुण वाढविण्याचा सर्वांत हुकमी मार्ग भाषेचा आहे. आयईएल्टीएसच्या 'जनरल ट्रेनिंग' परीक्षेत चारही विभागांत ६ मिळाले, तर कॅनडाच्या मोजपट्टीवर ती सातवी पातळी होते आणि अविवाहित उमेदवाराला क्रमवारीत ६८ गुण मिळतात. ऐकण्यात ८ व इतर तिन्हींत ७ मिळविल्यास नववी पातळी गाठली जाते आणि ६८ चे १२४ गुण होतात. शिक्षण व अनुभव यांच्याशी जोडून मिळणारे गुण त्याहून वेगळे. मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्या मुलांनी याची धास्ती घेऊ नये. सहा महिने नेटाने केलेला अभ्यास एजंटाच्या शुल्कापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. वयाचे गणित मात्र कुणाच्या हाती नाही. २० ते २९ या वयात पूर्ण गुण मिळतात, पुढे ते घटत जातात आणि ४५ व्या वर्षी शून्यावर येतात.

'नोकरीचे पत्र मिळवून देतो' असे सांगून पैसे उकळण्याचा धंदा जुना आहे. २५ मार्च २०२५ पासून अशा पत्राला क्रमवारीत गुणच उरलेले नाहीत, ही गोष्ट वाचकांनी घरोघरी सांगावी. एखाद्या प्रांताने नामांकन दिल्यास मात्र ६०० गुण मिळतात. तसेच २०२३ पासून आरोग्यसेवेसारखे ठरावीक व्यवसाय आणि फ्रेंच जाणणारे यांची स्वतंत्र निवडही होते.

आता कागदपत्रांविषयी, आमच्या अनुभवाप्रमाणे खरी अडचण तेथेच येते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, स्नानसंस्काराच्या नोंदवहीत संताचे दुसरे नाव, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पारपत्रावर तिसरेच! मग 'फादर, एवढे एक अक्षर बदलून द्या' अशी विनंती होते. ती मान्य करता येत नाही. नोंदवही ही त्या दिवशी घडलेल्या संस्काराची साक्ष आहे. तफावत असल्यास प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद असे कायदेशीर मार्ग आहेत. ते वर्षभर आधी चोखाळावेत. आखातात राहून आलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. मागील दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने वा अधिक काळ वास्तव्य झाले, तेथील पोलिसांचा दाखला लागतो.

पैशांचा पुरावाही द्यावा लागतो. जुलै २०२५ मध्ये चौघांच्या कुटुंबासाठी तो आकडा २८,३६२ कॅनेडियन डॉलर होता. ही रक्कम उसनी चालत नाही. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक दाखवावी लागते. चार दिवसांसाठी नातेवाइकांचे पैसे खात्यात फिरविण्याचा सल्ला त्यामुळे निरुपयोगी आहे आणि अप्रामाणिकही. खोटे अनुभवपत्र तर त्याहून घातक. असत्य माहिती उघडकीस आल्यास पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते आणि स्थायिक झाल्यावर उघडकीस आली तरी वास्तव्याचा हक्क जाऊ शकतो. वाडीचा तुकडा विकून गेलेल्या माणसाने मग परतावे कोठे?

पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडातील वकील किंवा तेथील परवानाधारक सल्लागार असावा लागतो. सल्लागाराचे नाव त्यांच्या नियामक मंडळाच्या यादीत कुणालाही पडताळता येते. अर्जात पती वा पत्नी व २२ वर्षांखालील अविवाहित मुले, बरोबर येणार नसली तरी, नमूद करावीत; वगळलेल्या व्यक्तीला पुढे बोलावून घेणे सहसा शक्य होत नाही. आईवडील या अर्जात बसत नाहीत. त्यांच्या औषधपाण्याची, सोबतीची व्यवस्था कोण पाहणार, हे भावंडांनी निमंत्रण येण्याआधीच एकत्र बसून ठरवावे.