काचेआडचा निम्र आणि उसातला बिबट्या

शारजा शहरातून अल धैदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील डेझर्ट पार्कमध्ये १९९९ साली ‘अरेबियाज वाइल्डलाइफ सेंटर’ सुरू झाले. तेथे काचेपलीकडे दिसणारा अरबी बिबट्या मराठी पाहुण्यांना ओळखीचा वाटतो, आणि काहीसा किरकोळही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्राणी तोच, उपजात निराळी. अरबीत त्याला ‘निम्र’ म्हणतात आणि शास्त्रीय नावातही तोच शब्द आहे. पूर्ण वाढलेल्या अरबी नराचे वजन साधारण ३० किलो, मादीचे २० किलोच्या आसपास. जुन्नरच्या उसात वावरणारा नर याच्या दुप्पट सहज भरतो.

परंतु खरा फरक वजनाचा नसून संख्येचा आहे. अरबी बिबट्याची नोंद १९९६ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ अशी केली जाते. मुक्त निसर्गात आज दोनशेहूनही कमी निम्र उरले आहेत, तेही मुख्यतः ओमानच्या धोफार प्रांतातील डोंगरांत आणि येमेनच्या काही भागांत. अमिरातीच्या हजर पर्वतरांगांतून तो नाहीसा झाला आहे. उलट २०२२ च्या गणनेनुसार भारतात १३,८७४ आणि एकट्या महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. ही गणना प्रामुख्याने वनक्षेत्रांतील आहे. उसाच्या पट्ट्यातले बिबटे तिच्यात पुरते आलेले नाहीत. एकाच प्राण्याच्या वाट्याला इतकी भिन्न दैवे का यावीत, हे समजण्यासाठी त्याचा स्वभाव आधी पाहावा लागतो.

एकटा, पण बेवारस नव्हे

बिबट्या कळपात राहत नाही. याचा अर्थ त्याला समाज नाही असा मात्र नव्हे. प्रत्येक मादीची स्वतःची हद्द असते आणि एका नराच्या हद्दीत दोन-तीन माद्यांचे प्रदेश येतात. झाडांवरचे ओरखडे, मूत्राचा वास आणि करवत चालवल्यासारखा घोगरा आवाज ही या शेजाऱ्यांची भाषा. तिच्यामुळे समोरासमोर न येताही ‘येथे मी आहे’ असे कळवता येते आणि रक्तपात टळतो. पिल्ले साधारण वर्ष-दीड वर्ष आईजवळ राहतात आणि मग स्वतःची जागा शोधायला निघतात.

हद्द किती मोठी असावी, हे भक्ष्य ठरवते. अरबस्तानच्या उघड्या डोंगरांत रानबकरे, हरणे, साळिंदर, तित्तिर अशी शिकार विरळ. म्हणून एका बिबट्याला प्रचंड प्रदेश लागतो. बंदुका आणि जीपगाड्या आल्यावर ही शिकार माणसाने संपवली. उपाशी बिबट्या शेळ्यांकडे वळला, आणि शेळीपालकांनी त्याला गोळी, विष व सापळे लावून मारले. डोंगरांत दगड रचून केलेले बिबट्यांचे जुने सापळे आजही आढळतात. वैर जुनेच होते, नव्या शस्त्रांनी ते निकाली काढले.

शारजातील प्रयत्न

शारजाचे शासक शेख डॉ. सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी यांच्या पाठबळाने डेझर्ट पार्कमध्येच दुर्मीळ अरबी वन्यजीवांचे प्रजनन केंद्र उभे राहिले. ते पर्यटकांसाठी खुले नाही. निम्रची वंशवृद्धी हे त्याचे एक मुख्य काम. ऐकायला सोपे वाटणारे हे काम बिबट्याच्या स्वभावामुळेच अवघड होते. एकट्याने राहणाऱ्या प्राण्यांची जोडी जुळवणे जोखमीचे असते. घाई झाली तर नर मादीला जिवे मारू शकतो. शिवाय बंदिवासातील निम्र मोजक्याच पूर्वजांपासून जन्मलेले असल्याने कोणाचे नाते कोणाशी, याची वंशावळ काटेकोर ठेवावी लागते.

बछडे जन्मले तरी मूळ प्रश्न उरतोच: त्यांना सोडायचे कोठे? सौदी अरेबियाने अल-उला परिसरातील शरान अभयारण्यात आधी गवत-झुडपे, मग हरणे व रानबकरे, आणि शेवटी निम्र, असा क्रम ठरवला आहे. हे काम वर्षांचे नव्हे, दशकांचे आहे. संयुक्त राष्ट्रांनी १० फेब्रुवारी हा अरबी बिबट्याचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला, तो याच निकडीतून.

पिंजरा लावल्याने काय होते?

आखाती देशांत राहणाऱ्या पुणे-नगरच्या अनेकांची शेती, आई-वडील आणि भावंडे बिबट्यांच्या पट्ट्यातच आहेत. उसाच्या फडात बिबट्याला बारमाही आडोसा मिळतो. कुत्री, डुकरे, शेळ्या हे भक्ष्य हाताशी असते. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, तेही दाट लोकवस्तीत. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा होता.

मग एखादे मूल दगावते. त्या घरावर कोसळलेल्या दुःखापुढे कोणतीही आकडेवारी थिटी पडते, आणि ‘सगळे बिबटे पकडून जंगलात सोडा’ ही मागणी स्वाभाविक ठरते. जुन्नर वनविभागात २००१ नंतर नेमके हेच मोठ्या प्रमाणावर केले गेले. त्याआधी तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांत मृत्यू होण्याचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. हद्दींची जुनी घडी विस्कटली, परक्या मुलखात सोडलेले बिबटे बिथरले आणि रिकाम्या जागी नवे आले.

म्हणून उपाय कंटाळवाणे वाटले तरी तेच खरे आहेत. रात्री जनावरांसाठी बंदिस्त गोठा, वस्तीजवळच्या कचऱ्याची विल्हेवाट, शेतीला दिवसा वीज, घराबाहेर उजेड, मुलांना एकटे न सोडणे, आणि भरपाई वेळेवर. ऊसतोडीत सापडलेले बछडे गावकऱ्यांनी हात न लावता वनखात्याला कळवले की रात्री आई त्यांना घेऊन जाते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राच्या मदतीने अशा अनेक भेटी घडल्या आहेत. माणसावर वारंवार हल्ला करणारा विशिष्ट बिबट्या हटवावाच लागतो, यात दुमत नाही. पण एका दोषी जनावराला हटवणे वेगळे आणि सरसकट उच्चाटन वेगळे.

सह्याद्रीच्या आदिवासी पाड्यांनी वाघोबाला शेंदूर लावून भीतीशी एक तडजोड केली होती. ती भाबडी नव्हती. सोबत राहायचे तर नियम पाळावे लागतात, ही त्यामागची जाण होती. ती जाण आपल्या गावांत अजून पुरती विझलेली नाही. ती टिकवायची तर शेतकऱ्याच्या वाट्याचा धोका इतरांनीही उचलायला हवा. गावाकडच्या गोठ्याला जाळी आणि अंगणात दिवा बसवण्याचा खर्च परदेशातील मुलाला जड नाही. एकदा संपलेला बिबट्या परत आणायला किती खर्च आणि किती पिढ्या लागतात, याचा हिशेब अरबस्तान आज मांडतो आहे.