कॉम्प्रेसर का मेला?

गाडीचा एसी गार करेनासा झाला की बॉनेट न उघडताच निदान करणारे शंभर डॉक्टर भेटतात, आणि सगळ्यांचं औषध एकच : "गॅस भरून घे." जणू काही गॅस म्हणजे पेट्रोल, गाडी चालली की संपणार! थर्मोच्या व्हायव्हात असं उत्तर दिलंत तर सर केटी लावतील, आणि ती योग्यच असेल. हा गॅस बंद नळ्यांतून गोल गोल फिरत असतो. तो कमी झाला तर कुठून तरी गळलाय, आणि गळती न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने जाणार.

आज लिहितोय ते याच्या पुढच्या दुखण्याबद्दल, म्हणजे कॉम्प्रेसरबद्दल. २०२४ च्या मे महिन्यात मी तो घरच्या अंगणात बदलला. गाडी मामाची. मामा छत्रपती संभाजीनगरला टुरिस्ट टॅक्सी चालवतो, वेरूळ-अजिंठा करतो. मे महिन्यात एसी नसलेल्या गाडीत पर्यटक बसत नाही, आणि गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही. त्यात गंमत (म्हणजे मामाची नव्हे) अशी की आदल्याच वर्षी एका गॅरेजमध्ये नवा कॉम्प्रेसर बसवला होता. अकरा महिन्यांत तोही गेला. गॅरेजवाले म्हणाले, "माल खराब निघाला, दुसरा टाकू." मामाने मला फोन केला, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, माझ्याच नशिबात खराब माल का?"

प्रश्न अगदी रास्त होता. कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे चार बोल्ट, दोन पाइप आणि एक वायर. तो का मेला हे शोधणं हेच खरं काम.

आधी थोडी उजळणी. कॉम्प्रेसर गार वायू ओढून दाबतो, तो गरम होऊन रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या सुईएवढ्या छिद्रातून निघताना दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये तो द्रव उकळताना आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. आर-१३४ए हा गॅस वातावरणीय दाबाला उणे २६ अंशांना उकळतो, म्हणून हे जमतं. या गॅसबरोबर थोडं तेलही सगळीकडे फिरत असतं. कॉम्प्रेसरला वेगळा ऑइल पंप किंवा चेंबर बहुधा नसतं. फिरून परत येणारं तेल हेच त्याचं वंगण. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण यावरच आहे.

पहिलं काम : दोष खरंच कॉम्प्रेसरचा आहे का? इंजिन चालू, एसी चालू, आणि पुलीकडे नीट बघा. पुली पट्ट्यावर कायम फिरतच असते. एसी लावल्यावर 'टक्' आवाज होऊन तिच्या पुढची चकती पण फिरायला हवी. तो चुंबकीय क्लच. (१९४० च्या पॅकार्ड गाडीत पहिल्यांदा कंपनीचा एसी आला तेव्हा क्लचच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन बंद करून पट्टा काढून ठेवायचा!) चकती फिरत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच आणि कॉइल तपासा. गॅस फार कमी असला तरी प्रेशर स्विच क्लच लागू देत नाही. पाचशे रुपयांच्या रिलेसाठी लोकांनी कॉम्प्रेसर बदललेले आहेत. मामाच्या गाडीत कॉइलचा रेझिस्टन्स ३.६ ओहम आला, क्लचही लागत होता. म्हणून गेज लावले. लो साइड ७५ पीएसआय, हाय साइड जेमतेम १२०. एवढ्या उन्हात चांगल्या एसीत एक ४० च्या आसपास आणि दुसरा २०० च्या बराच वर असायला हवा. दोन्ही दाब एकमेकांकडे सरकले, म्हणजे कॉम्प्रेसर नुसता फिरतोय, दाबत काहीच नाही.

इथे एक सूचना. इंजिन बंद असताना गेज बघून 'गॅस भरपूर आहे' म्हणणारे बरेच भेटतात. ३० अंशांना आर-१३४ए चा संपृक्त दाब साधारण ९७ पीएसआय असतो. आत थोडासा द्रव शिल्लक असला की काटा ९७ च दाखवणार, मग गॅस दीडशे ग्रॅम असो की पाचशे. पी. के. नाग यांच्या पुस्तकातली कोष्टकं पाठ करायला लावतात ती उगाच नाही.

आता गॅस काढायचा. पाइप सैल करून 'फुस्स' करणं सोपं आहे, पण ते करू नका. हा गॅस ओझोनला अपाय करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट भारी आहे. शिवाय अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर विचारूच नका. आम्ही रिकव्हरी मशीन असलेल्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली, गॅस काढून घेतला आणि एसी बंद ठेवून घरी आलो. वर्कशॉपवाल्याने विचारलं, "आता पुढे?" मामा म्हणाला, "पुढे भाचा." मला घाम फुटला, पण उन्हाळाच होता, कोणाला कळलं नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, गाडी जॅक स्टँडवर घेतली, पट्टा सैल केला, पाइपचे दोन बोल्ट, बॉडीचे चार. तासाभरात कॉम्प्रेसर हातात. पाइपांच्या उघड्या तोंडांना लगेच प्लास्टिक आणि टेप, कारण या तेलाला (पीएजी) हवेतला ओलावा शोषायची भयंकर हौस आहे.

मग जुना कॉम्प्रेसर मापपात्रावर उलटा केला. निघालं ३५ मिली, राखाडी रंगाचं. ताटलीत घेऊन उन्हात धरलं तर गणपतीच्या मखरासारखं चमचम. ती चमक ॲल्युमिनियमची. एक्सपान्शन व्हॉल्व्ह काढला तर त्याच्या तोंडाशी काळी पेस्ट. मामाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. पहिला कॉम्प्रेसर मरताना आतून झिजला, त्याचा कीस कंडेन्सरमध्ये जाऊन बसला. गॅरेजने फक्त कॉम्प्रेसर बदलला. कीस पुढे सरकत व्हॉल्व्हमध्ये अडकला, गॅस आणि तेल परत येणं कमी झालं, आणि दुसरा कॉम्प्रेसर उपाशी मेला. माल चांगला होता.

त्यामुळे यादी वाढली. आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्यांत केसासारख्या बारीक समांतर वाटा असतात. त्या कितीही धुतल्या तरी कीस पूर्ण निघत नाही. कंडेन्सर नवा. त्याच्याच कडेला ड्रायर असतो, तोही त्याबरोबर नवा आला; गाडीत ड्रायर वेगळा असेल तर प्रणाली उघडल्यावर तो बदलायचाच, त्यातले दाणे हवेतलं पाणी पिऊन केव्हाच तृप्त झालेले असतात. एक्सपान्शन व्हॉल्व्ह नवा. पाइप आणि इव्हॅपोरेटर फ्लशिंगच्या द्रवाने धुऊन कोरड्या नायट्रोजनने फुंकले. पेट्रोल-रॉकेलने धुणारेही असतात, आपण नको.

तेलाचा हिशेब हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. नुसता कॉम्प्रेसर बदलायचा असेल तर जुन्यातून जेवढं निघालं तेवढंच नव्यात ठेवायचं, कारण बाकीचं तेल इतर भागांत बसलेलंच असतं. आम्ही मात्र सगळंच धुतलं होतं, म्हणून पूर्ण माप हवं होतं. मॅन्युअलप्रमाणे १२० मिली. नव्या कॉम्प्रेसरमध्ये येताना भरलेलं तेल मापलं तर १५० निघालं! तसाच बसवला असता तर जादा तेल इव्हॅपोरेटरला आतून लेप देत बसलं असतं आणि मामा पुन्हा म्हणाला असता, गार होत नाही. ८० कॉम्प्रेसरमध्ये घातलं, ४० कंडेन्सरमध्ये. मग क्लचची चकती हाताने दहा वेळा फिरवली, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं तेल बाहेर सरकतं. नाहीतर पहिल्याच फेऱ्यात द्रव दाबायला जाऊन व्हॉल्व्हची पत्ती तुटते. नवे ओ-रिंग तेलाचं बोट लावून बसवले, बॉडीचे बोल्ट टॉर्क रेंचने २५ न्यूटन-मीटर, क्लचची फट फीलर गेजने ०.४५ मिमी.

व्हॅक्यूमसाठी गल्लीतले फ्रीज दुरुस्त करणारे काका पंप, नायट्रोजन आणि डिजिटल काटा घेऊन आले. आधी नायट्रोजन १५० पीएसआय भरून प्रत्येक जोडाला साबणाचा फेस. मग पंप पाऊण तास. काकांचं गेज २८ इंचांवर थांबलं आणि ते अस्वस्थ, "२९ च्या वर जायला पाहिजे." पण संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच, तिथे हवेचाच दाब ७१० मिमीच्या आसपास, म्हणजे २८ इंच. जेवढी हवा आहे तेवढीच काढता येणार! ३० अंशांना पाणी ३२ मिमी दाबाखाली उकळतं, म्हणजे काट्यावर साधारण २६.७ च्या पुढे आतला ओलावा वाफ होऊन निघू लागतो. काका म्हणाले, "वीस वर्षं मी पंपाला शिव्या देतोय." पंप बंद करून अर्धा तास काटा हलला नाही.

गॅस दाबावर कधी भरू नका, वजनावर भरा. बॉनेटखालच्या पट्टीवर ४८० ग्रॅम लिहिलं होतं, काट्यावर ४८० मोजूनच भरला. इंजिन चालू असताना हाय साइडचा कॉक बंदच पाहिजे, नाहीतर तो दाब उलटा डब्यात शिरून डबा फुटू शकतो. स्वस्तात मस्त म्हणून कोणी घरगुती सिलिंडरचा गॅस सुचवला तर त्याला गाडीपासून लांब उभा करा. इव्हॅपोरेटर गळला की तो ज्वालाग्राही वायू थेट प्रवाशांच्या नाकाशी येतो.

बाहेर ३९ अंश असताना व्हेंटमधल्या थर्मामीटरवर ११ आले. लो ३८, हाय २४०. सगळा खर्च २१ हजारांच्या आत बसला, फक्त कॉम्प्रेसर पुन्हा बदलायचे गॅरेजने १८ सांगितले होते. मामाने थर्मामीटर काढू दिला नाही, अजून तिथेच अडकवलेला आहे; पर्यटकांना दाखवतो.

जुना कॉम्प्रेसर मी होस्टेलवर घेऊन आलो आणि वर्कशॉपच्या मामांनी तो उभा कापून दिला. तिरकी चकती, तिच्यावरचे ओरखडे आणि एक मोडलेली पत्ती स्पष्ट दिसते. थर्मल लॅबच्या खिडकीत ठेवलाय, बुधवारी दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर या. हात लावा, पण पत्तीची कड धारदार आहे.