कॉलरवरचा कोळसा

सकाळी 7.40. पुण्यातलं एक ड्रायक्लीनिंगचं दुकान. काउंटर हमरस्त्यावर, मशीन मागच्या बोळात पत्र्याखाली. लग्नसराई आहे. शालू, शेरवान्या, सूट, सगळ्यांची गाठोडी भिंतीला टेकलीत. मॅडम स्टुलावर बसून काचेच्या नळीतून साबणाचा बुडबुडा वर चढवताहेत. मला आधी पोरखेळच वाटला. बुडबुड्याला शंभर मिलिलिटरची खूण गाठायला दोन मिनिटं लागली. म्हणजे पंप मिनिटाला 50 मिलिलिटर हवा ओढतोय. तीनदा मोजलं, तीनदा लिहिलं. कामाच्या जागची हवा मोजणं हाच त्यांचा धंदा.

8.10. पंप मशीन चालवणाऱ्या मामांच्या पट्ट्याला. रबरी नळी पाठीवरून खांद्यावर आणली, तिच्या टोकाला काचेची नळी, ती चिमट्याने कॉलरला. लांबी सात सेंटिमीटर, जाडी करंगळीपेक्षा कमी. दोन्ही टोकं मॅडमनी कटकन मोडली. आत काळे दाणे. नारळाच्या करवंटीचा कोळसा, पुढच्या कप्प्यात 100 मिलिग्रॅम, मागच्यात 50. पुढचा भरून मागच्यात बरंच उतरलं, तर नमुना वाया.

"एवढासा दिवसभर पुरतो?" मामा विचारतात.

"चार तासांनी बदलायचा, मामा."

मामा बावीस वर्षं या कामात. पगार 19,000. सीझनला वरचे तास, तासाला 80 रुपये.

8.35. खिसे तपासणं. हे मामा कुणाला करू देत नाहीत. एक बॉलपेन राहिलं तर अख्खा लोड निळा. आज निघालं ते असं: सुपारी, अहेराचं रिकामं पाकीट, दहाचं नाणं. नाणं काउंटरवरच्या डब्यात. मग बारा किलोचा लोड आत आणि दार बंद. धुवायला पाणी नाही, पर्क. पूर्ण नाव पर्क्लोरोइथिलीन. पाण्याच्या दीडपटीहून जड, तेलकट डाग सोडवतं. धुणं, पिळणं, गरम हवेनं वाळवणं, सगळं एकाच पिंपात.

9.30. दार उघडलं. गोडसर वास, ईथरसारखा. माझे डोळे चुरचुरले.

"वास येतो का हो?" मी विचारलं.

"कसला?"

नाक सरावतं. बावीस वर्षं लांबच, अर्ध्या तासात मलाही वास कमी वाटायला लागला. हवा तीच होती. एक्झॉस्ट पंखा मामांच्या पाठीमागे. मशीनमधून सुटलेली वाफ आधी त्यांच्या तोंडावरून जाते, मग बाहेर.

11.15. शेठचा फोन. एकची वरात आहे, नवरदेवाची शेरवानी साडेबाराला हवी. वाळवणीची सहा मिनिटं बाकी असताना मामांनी दार ओढलं. खांद्यातल्या पॅडमध्ये ओल होती. तशीच शेरवानी त्यांनी छातीशी धरून हँगरला लावली. मॅडमनी मिनिटाला 200 मिलिलिटरचा दुसरा पंप आधीच त्यांच्या कॉलरला अडकवला होता. पंधरा मिनिटं. कागदावर लिहिलं: 11.22, दार लवकर, कपडे गरम.

थांबवलं का नाही, मी हळूच विचारलं.

"रोज असंच होत असेल आणि आज मी थांबवलं, तर आकडा खोटा येईल."

पटलं मला. तरी बरं वाटलं नाही.

12.10. नळी बदलली. टोकांना टोप्या, नंबर, थर्मासच्या पेटीत बर्फाशेजारी. सोबत एक कोरी नळी, नुसती मोडून बंद केलेली. पंपाला न लावलेलीत काही सापडलं तर दोष नळीचा किंवा प्रवासाचा. बोळातला चहा 12 रुपये. दिला मामांनी.

2.45. बटणांची जाळी साफ करायची. मामांनी साठ रुपयांचे रबरी हातमोजे चढवले. महिन्यापूर्वीचे. पर्कनं रबर फुगतं. बोटांची टोकं भिजलेल्या मनुकांसारखी झाली होती. नायट्राइलचे जाड बरे, पण ते महाग. जाळीत दोन बटणं, एक सेफ्टी पिन, धाग्यांचा राखाडी लगदा. आणि तांदळाचे सात-आठ दाणे. अक्षता. कुंकू पार धुऊन गेलेलं.

4.30. पंप बंद. पुन्हा बुडबुडा: वेग तोच आहे ना? मामांच्या मते दार आठ वेळा उघडलं. मॅडमच्या कागदावर तेरा. मधेच डोकावणं मामा धरत नाहीत.

"पास की नापास?"

निकाल पंधरा दिवसांनी. आठ तासांच्या सरासरीची मर्यादा अमेरिकेतल्या आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेच्या हिशेबानं दहा लाखांत 25 भाग, पंधरा मिनिटांपुरती 100. तिथल्या सरकारी नियमात आठ तासांनाच 100 चालतात. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 1995 मध्येच पर्कला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलंय. मामांना मॅडमनी एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी श्वास सोडायचाय पिशवीत. पर्क चरबीत मुरतं, अर्धं उतरायलाच अडीचेक दिवस लागतात."

"रविवारी सुट्टी असते की मला."

"एका रविवारी नाही उतरत, मामा."

"उपाशीपोटी यायचं?"

"चहा पिऊन या. फक्त मी येईपर्यंत शेडमध्ये शिरू नका."

5.20. मॅडम पेटीची कडी लावत होत्या. मामांनी नवं गाठोडं सोडलं.

"अजून किती?"

"दोन. शेठ म्हणाले, घेऊन टाक."

पेटीत एकच नळी उरली होती, उद्याच्या दुसऱ्या दुकानासाठीची. मॅडमनी कडी उघडली, स्टूल ओढलं आणि साबणाच्या पाण्यात नळीचं तोंड बुडवलं. मामा खिसे तपासत होते.