कार्ड आपले, आजार दुसऱ्याचा



या पानावर आम्ही एरवी रक्तदाब, साखर, रक्तक्षय यांबद्दल लिहितो. या वेळी कागदांबद्दल लिहीत आहोत. आधार कार्ड, रेशनकार्ड, योजनेचे कार्ड आणि दवाखान्याची फाईल यांचा प्रकृतीशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही तसेच वाटायचे. पण गेल्या वर्षावासात आमच्या विहारातल्या आरोग्य शिबिरात एक ताई आल्या आणि आमचे डोळे उघडले.

ताईंना सात-आठ महिन्यांपासून अंगावरून खूप जात होते. हिमोग्लोबिन उतरले होते, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली आणि गर्भाशय काढावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. योजनेचे कार्ड होते, म्हणून घरचे निश्चिंत होते. पण कार्ड तपासल्यावर कळले की ताईंचे गर्भाशय काही वर्षांपूर्वीच काढले आहे! निदान नोंद तरी तसेच सांगत होती. एकदा काढलेले गर्भाशय पुन्हा कसे काढणार? मंजुरी अडकली.

ताई आधी गोंधळल्या, मग त्यांना आठवले. गावाकडची धाकटी बहीण आजारी पडली तेव्हा तिच्याकडे कार्ड नव्हते. बहिणीचा जीव वाचावा म्हणून ताईंनी आपले कार्ड दिले होते. दोघींचे चेहरे सारखे, फोटो जुना, कोणी नीट पाहिले नाही. बहीण बरी होऊन घरी गेली. पण तिचे ऑपरेशन कायमचे ताईंच्या नावावर राहिले. सोनोग्राफीचा अहवाल, अर्ज, खुलासे यांत कित्येक आठवडे गेले. तोवर ताईंना दोनदा रक्त चढवावे लागले.

इथे कोणी चोर नव्हता. बहिणीची माया होती आणि नाइलाज होता. तरीही जे झाले ते ओळखीच्या चोरीत होते तेच झाले. एकाच्या नावावर दुसऱ्याचा आजार चढला.

नोंद चुकली की उपचार चुकतो

डॉक्टर आपल्याला पाहतात, तसे आपले जुने कागदही पाहतात. रक्तगट कोणता, मधुमेह आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, पूर्वी कोणते ऑपरेशन झाले, हे त्यांना फाईलवरून कळते. रुग्ण बेशुद्ध असेल तर फाईलच बोलते. त्या फाईलमध्ये दुसऱ्याची माहिती मिसळली असेल तर चुकीचे औषध दिले जाऊ शकते किंवा योग्य उपचार नाकारला जाऊ शकतो.

दुसरे नुकसान पैशाचे. आयुष्मान भारत–प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत आणि आपल्या राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ही रक्कम सगळ्या कुटुंबाची मिळून आहे. आपल्या कार्डावर परक्याचा खर्च पडला, तर तेवढी रक्कम आपल्या आईवडिलांच्या, मुलांच्या वाट्यातून कमी होते.

म्हणून कार्ड उसने देऊ नका. नात्यातला माणूस अडला असेल तर त्याचा हक्क त्याला मिळवून द्या. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने फुले योजना राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांपर्यंत नेली आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना भेटा. फुले योजनेचा क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मान भारतचा १४५५५ आहे. त्या वेळी हे कोणी सांगितले असते, तर ताईंच्या बहिणीची निदान चौकशी तरी झाली असती.

कार्डावर डोळा ठेवणारे

आता खऱ्या लबाडीकडे येऊ. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे कॅग. त्यांचा आयुष्मान योजनेवरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले, असे त्यात आहे. आधी मृत म्हणून नोंद झालेल्या रुग्णांच्या नावावर पुढे उपचार दाखवल्याचेही आढळले. मोबाइल क्रमांकावरून लाभार्थ्याची ओळख पटवली जात नाही, असा खुलासा सरकारने केला. तरी आपल्यासाठी धडा सोपा आहे. कार्डाला आपला, चालू असलेला क्रमांक जोडलेला नसेल, तर आपल्या नावावर काय चालले आहे याचा संदेश आपल्याला येणार नाही.

गुजरातेतला प्रकार याहून भयंकर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरीसणा गावात एका खासगी रुग्णालयाने मोफत शिबिर घेतले. तिथून १९ जणांना अहमदाबादला नेले. सात जणांची अँजिओप्लास्टी झाली, त्यांतले दोघे दगावले. योजनेचे पैसे मिळवण्यासाठी गरज नसताना उपचार केले, असा आरोप झाला आणि पोलिसांनी गुन्हे नोंदवले. गरिबाच्या खिशात पैसा नसला तरी त्याच्या कार्डात पैसा आहे, हे काही लोकांनी बरोबर ओळखले आहे. म्हणून मोफत शिबिरातून कोणी थेट दाखल व्हा म्हणाले, तर घरच्यांना विचारल्याशिवाय आणि सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय कार्ड, सही किंवा अंगठा देऊ नका. छातीत कळ, श्वास कोंडणे अशी तातडीची लक्षणे असतील तर मात्र थांबू नका, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

काय द्यावे, काय देऊ नये

कागद मागितला की आपण लगेच झेरॉक्स काढून देतो. वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या खिडक्यांसमोर उभे राहिल्याने ही सवय लागली आहे. प्रश्न विचारला तर काम अडेल, अशी भीती असते. पण तीन प्रश्न नम्रपणे विचारता येतात. कागद कोण मागते आहे? कशासाठी? याहून कमी माहितीत काम होईल का?

आधारचा क्रमांक १२ आकडी असतो. ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, असे ‘मास्क्ड’ आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मोफत काढता येते. जिथे चालते तिथे तेच द्या. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक कामासाठी’ असे लिहा, तारीख घाला, सही करा. झेरॉक्सच्या दुकानात खराब निघालेली प्रत सोडून येऊ नका. सेवा केंद्रावर कागद व्हॉट्सॲपने पाठवला असेल, तर काम झाल्यावर तिथेच उभे राहून तो काढून टाकायला सांगा.

अंगठा लावताना यंत्रावर काय लिहिले आहे ते वाचा, वाचता येत नसेल तर मुलांना सोबत न्या. आधारला जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे काढता येतात. ‘पहिला नीट उमटला नाही, पुन्हा लावा’ असे कोणी म्हणाले तर पावती मागा. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवल्याचे प्रकारही देशात पकडले गेले आहेत. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून आपला अंगठा ‘लॉक’ करता येतो. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, तेवढ्यापुरता तो उघडावा लागतो. घरात हे जमणारे कोणी असेल तरच करा.

ओटीपी आणि पिन मात्र कोणालाही सांगू नका. बाळंतीण झाली की काही दिवसांत फोन येतो, ‘तुमचे मातृत्व योजनेचे पैसे आले आहेत, आलेला आकडा सांगा.’ नाव बरोबर, गाव बरोबर, बाळाची तारीखही बरोबर. म्हणून विश्वास बसतो. पण पैसे जमा करायला ओटीपी लागत नाही, तो लागतो पैसे काढायला. फोन ठेवा आणि आपल्या आशाताईंना विचारा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. फसवणुकीच्या भीतीने सरकारी उपचारापासून दूर पळू नका. क्षयरोगाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात, त्यासाठी नाव नोंदवावे लागते, बँकेचा खातेक्रमांक द्यावा लागतो. तो आरोग्य केंद्रात जाऊन खुशाल द्या. आरोग्य कर्मचारी पिन मागत नाहीत, हे लक्षात ठेवले की पुरे.

आजार ही सुद्धा खासगी गोष्ट आहे

वस्तीत कोणी गंभीर आजारी पडले की आपण मदतीला धावतो. हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे. पण मदतीचे आवाहन करताना रुग्णाचा फोटो, रिपोर्ट, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक असे सगळे एकत्र व्हॉट्सॲपवर फिरते. परक्या माणसाला फसवणुकीसाठी याहून अधिक काही लागत नाही. मूळ क्यूआर कोड बदलून स्वतःचा टाकणारेही असतात. आवाहनात रुग्णालयाचे नाव, गरज आणि एका जबाबदार कार्यकर्त्याचा संपर्क एवढे पुरते. कागद पाहायचे असतील त्यांनी प्रत्यक्ष येऊन पाहावेत.

क्षयरोग, मानसिक आजार, एचआयव्ही यांची बातमी फुटली की नोकरी जाते, सोयरीक मोडते, भाड्याची खोली सुटते. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे ‘तुम्हाला माझा आजार कशाला हवा?’ असे विचारणारी बाई उद्धट नसते. ती आपला संविधानिक हक्क बजावत असते.

फसवणूक झालीच तर

पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. आधारचा गैरवापर वाटला तर १९४७ वर विचारा. मागच्या सहा महिन्यांत आपले आधार कुठे वापरले गेले, हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते.

कार्डावर न घेतलेला उपचार दिसला तर आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रुग्णालयाकडे आपल्या नोंदींची प्रत मागा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम आहे. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फसलो म्हणून लाज बाळगू नका. लाज वाटायला हवी ती फसवणाऱ्याला.

आमची चूक

शेवटी आमच्याबद्दल. ताईंचा प्रश्न सुटल्यावर आम्ही विहारातले कपाट उघडले. मागच्या पाच-सहा शिबिरांतल्या आधार कार्डांच्या झेरॉक्स तिथे गठ्ठ्याने पडल्या होत्या. रक्तदाब मोजायला आधार कशाला हवे होते? कोणालाच सांगता येईना. ‘असू द्यावी म्हणून घेतली’ एवढेच उत्तर. कपाटाला कुलूपही नव्हते.

आपल्या लोकांनी कागद सहज मिळवलेले नाहीत. धम्मदीक्षा १९५६ ची, पण बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. इतक्या झगड्याने मिळालेली ओळख आम्ही उघड्या कपाटात टाकून दिली होती. पंचशीलातले दुसरे शील आपण चोरी न करण्यासाठी घेतो. दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू जपणेही त्यातच येते, असे आम्हाला वाटते.

त्या सगळ्या झेरॉक्स आम्ही चार जणांनी बसून बारीक फाडल्या. आता शिबिराच्या वहीत नाव, वय आणि मोबाइल क्रमांक एवढेच लिहितो, तपासणीचा कागद रुग्णाच्याच हाती देतो आणि वही कुलपात ठेवतो. आपल्या विहारातले, मंडळातले, महिला बचत गटातले कपाटही एकदा उघडून पाहा, ही विनंती.