सामायिक लायब्ररी, लिनक्समधील
अनेक संगणक-आज्ञावल्यांना समाईकपणे वापरता येणारे तयार आज्ञासंच यंत्रभाषेत साठविलेली फाइल. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीत अशा लायब्रऱ्यांचा वापर सर्रास होतो. एकच प्रत अनेक आज्ञावल्यांच्या उपयोगी पडत असल्याने स्मृतीची बचत होते व लायब्ररीतील दोष एकदाच दुरुस्त करून भागते. मात्र लायब्ररी न सापडल्यास आज्ञावली अडते. हा अडथळा दोन भिन्न टप्प्यांवर येतो व त्यांवरील उपायही भिन्न आहेत.

संकलनाचा टप्पा : संकलकाने मूळ आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर केल्यावर लिंकर किंवा जोडक तिच्यातील संदर्भ लायब्ररीशी जुळवितो. यासाठी लागणाऱ्या हेडर फाइली आणि आवृत्ति-क्रमांक नसलेल्या नावाचा दुवा बहुधा वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. डेबियनमध्ये त्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’, तर फेडोरामध्ये ‘डेव्हेल’ असे असते. ते पॅकेज नसल्यास लायब्ररी संगणकावर असूनही जोडणी होत नाही. ते बसविणे हाच उपाय होय.

कार्यान्वयनाचा टप्पा : संकलन निर्वेध होऊनही आज्ञावली सुरू होताना लोडरला लायब्ररी न सापडणे शक्य असते. लोडर मुख्यत्वे ‘एलडीकॉन्फिग’ने तयार केलेल्या सूचीत व ठराविक निर्देशिकांत शोध घेतो. स्वतः संकलित केलेली लायब्ररी बहुधा ‘/यूएसआर/लोकल/लिब’ येथे ठेवली जाते. ही निर्देशिका शोधकक्षेत नसल्यास तिची नोंद करून व नंतर एलडीकॉन्फिग चालवून सूची अद्ययावत करावी लागते. कोणती लायब्ररी सापडत नाही हे ‘एलडीडी’ ही आज्ञा दाखविते. परंतु तपासली जाणारी आज्ञावली तीमुळे कार्यान्वित होण्याचा संभव असल्याने परक्या, अविश्वसनीय आज्ञावलीवर ती वापरीत नाहीत.

आवृत्ति-क्रमांक : लायब्ररीच्या नावातील क्रमांक सुसंगतीचा निदर्शक असतो. उदा., ओपनएसएसएलच्या २०२१ मधील ३.० आवृत्तीत तो १.१ वरून ३ झाला. एप्रिल २०२२ मधील उबुंटू २२.०४ मध्ये केवळ नवी आवृत्ती असल्याने जुनीवर अवलंबून असलेल्या आज्ञावल्या तेथे सुरू होईनात. अशा वेळी जुन्या नावाचा दुवा नव्या फाइलीकडे वळविण्याचा मोह होतो. तो घातक ठरतो. कारण आज्ञावली सुरू झालीच, तरी अंतर्गत रचना बदललेली असल्याने ती मध्येच बंद पडू शकते किंवा कोणतीही सूचना न देता चुकीची फले देऊ शकते. नव्या लायब्ररीसाठी आज्ञावलीत आवश्यक ते बदल करून तिचे पुन्हा संकलन करणे हा योग्य मार्ग होय.