बीज आधीचंच

कर्करोग बरा झाला आणि काही वर्षांनी त्याच रुग्णाला ल्युकेमिया झाला, की दोष थेट केमोथेरपीला दिला जातो: औषधाने डीएनए बिघडवला, पेशी नासली. हे उत्तर मला अर्धवट वाटतं. तसं असतं, तर अशा ल्युकेमियात जनुकीय बदल कितीतरी जास्त दिसायला हवे होते. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी 2015 साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की ते आपसूक होणाऱ्या ल्युकेमियाइतकेच असतात. काही रुग्णांचे साठवलेले जुने नमुने त्यांनी तपासले, तेव्हा टीपी53 जनुकातला नेमका तोच बदल आजाराच्या 3 ते 6 वर्षं आधी मोजक्या पेशींत सापडला. दोघांत तर केमोथेरपीच्याही आधी. टीपी53चं काम डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणं किंवा मारणं. हा पहारा नसलेली पेशी औषधाच्या माऱ्यात तगते, शेजारच्या निरोगी पेशी मरतात आणि अस्थिमज्जेत तिचीच पिलावळ वाढते. तणनाशकाला दाद न देणारं तण शेतभर माजावं, तसं.

मग औषध निर्दोष का? नाही. इटोपोसाइडसारखी औषधं डीएनएचे धागे तोडतात, केएमटी2ए जनुकाची चुकीची जोडणी होते आणि बहुधा 1 ते 3 वर्षांतच ल्युकेमिया उभा राहतो. ‘मग सगळ्यांच्या पेशींत असे बदल आधीच तपासा’ असंही कुणी म्हणेल. पण सत्तरीपुढच्या साधारण दहातल्या एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या जनुकात बदल झालेले पेशीसमूह असतात आणि बहुतेकांना ल्युकेमिया होत नाही. म्हणून या भीतीने केमोथेरपी टाळू नका. उपचार संपल्यावरही डॉक्टर सांगतील तेव्हा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, मात्र चुकवू नका.